आश्रय-अर्जांच्या निकालांचा मशीन लर्निंगने अभ्यास कसा करावा

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने मायामीच्या इमिग्रेशन न्यायालयाबद्दल एक विलक्षण गोष्ट नोंदवली. कोलंबियाहून आलेल्या अर्जदाराला एका न्यायाधीशासमोर आश्रय, म्हणजे मायदेशी छळाची भीती असलेल्यांना दिले जाणारे संरक्षण, मिळण्याची शक्यता ५ टक्के होती, तर त्याच इमारतीतल्या दुसऱ्या न्यायाधीशासमोर ८८ टक्के. मशीन लर्निंगचा, म्हणजे जुन्या नोंदींतून संगणकाला नमुने शिकवण्याच्या तंत्राचा, खरा उपयोग अशी तफावत मोजण्यासाठी आहे. म्हणून अभ्यासाचा प्रश्न असा ठेवावा: सुनावणीत काय सांगितले गेले हे न पाहताच निकाल कितपत ओळखता येतो?

अमेरिकेतील इमिग्रेशन न्यायालये न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात आणि त्यांच्या प्रकरणांच्या नोंदी, अर्जदारांची नावे वगळून, सार्वजनिक केल्या जातात. या नोंदी एकाच तक्त्यात नसतात. एका प्रकरणात अनेक कार्यवाह्या असू शकतात आणि आश्रयाच्या अर्जावरचा निर्णय वेगळ्या तक्त्यात असतो, त्यामुळे तक्ते जोडताना एकच माणूस दोनदा मोजला जात नाही ना, हे आधी तपासावे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारानुसार मागितलेले संरक्षण हीही स्वतंत्र मागणी आहे. ती आश्रयाच्या निर्णयात मिसळू नये.

यानंतर ‘निकाल’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि बहुतेक अभ्यास इथेच घसरतात. मंजूर आणि नामंजूर यांखेरीज मागे घेतलेले, सोडून दिलेले आणि निर्णयाविना बंद झालेले अर्जही असतात. ते सरसकट गाळले, तर ज्या न्यायाधीशासमोर लोक आशा सोडून अर्ज मागे घेतात, तो कागदावर उदार दिसू शकतो. माझ्या मते विश्लेषण दोन्ही प्रकारे करावे, ते अर्ज गाळून आणि धरूनही, आणि दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.

मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून निकालाचे भाकीत करणाऱ्या गणिती साच्याला, द्यायची माहिती निवडताना प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट प्रकरण सुरू झाले त्या दिवशी ठाऊक होती का? राष्ट्रीयत्व, भाषा आणि न्यायालय ठाऊक असते. वकिलाची नोंद मात्र फसवी असते, कारण वकील कित्येकदा पुढे येतो आणि प्रकरण जितके लांबते तितकी तो मिळण्याची संधी वाढते. एकूण सुनावण्यांची संख्या तर निकालानंतरच कळते. असे रकाने ठेवले की अचूकता छान वाढते आणि अभ्यास निरर्थक होतो.

मॉडेलला शिकवण्याच्या नोंदी (प्रशिक्षण) आणि ते तपासण्याच्या नोंदी (चाचणी) यांची विभागणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, करू नये. जुन्या वर्षांवर शिकवावे आणि नंतरच्या वर्षांवर तपासावे, कारण धोरणे आणि अर्जदारांचे मायदेश बदलत राहतात. एका कुटुंबाची प्रकरणे बहुधा एकत्रच निकालात निघतात. ती ओळखता येत असतील तर विभागणीच्या एकाच बाजूला ठेवावीत.

सुरुवात साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनने (प्रत्येक घटकाला वजन देऊन शक्यता काढणारी पद्धत) करावी आणि मग रँडम फॉरेस्टकडे (अनेक निर्णयवृक्षांचा कौल एकत्र करणारी पद्धत) वळावे. २०१७ च्या एका शोधनिबंधात केवळ न्यायाधीशाची ओळख आणि अर्जदाराचे राष्ट्रीयत्व यांवरून प्रकरण सुरू होतानाच सुमारे ८० टक्के अचूक भाकीत साधल्याचे म्हटले आहे. तरी नुसत्या अचूकतेवर विसंबू नये. ज्या न्यायालयात बहुतेक अर्ज फेटाळले जातात, तिथे प्रत्येकाला ‘नामंजूर’ म्हणणारे मॉडेलही हुशार वाटते. त्याऐवजी, मॉडेलने ज्यांना ३० टक्के शक्यता दिली त्यांच्यापैकी खरोखर तितक्यांनाच आश्रय मिळाला का, हे पाहावे.

न्यायाधीशांची तुलना एकाच न्यायालयात, एकाच काळात आणि एकाच राष्ट्रीयत्वाच्या अर्जदारांपुरती ठेवावी. स्थानबद्ध अर्जदारांची प्रकरणे ऐकणाऱ्यांना इतरांच्या रांगेत बसवणे अन्यायाचे ठरेल. प्रकरणवाटप खरोखर यादृच्छिक होते का, हे अर्जदारांची वैशिष्ट्ये न्यायाधीशनिहाय ताडून तपासावे. मोजकीच प्रकरणे असलेल्या न्यायाधीशाचे मंजुरीचे प्रमाण योगायोगानेही टोकाचे दिसू शकते, म्हणून ते हिशेबात सर्वांच्या सरासरीकडे ओढून घ्यावे.

प्रसिद्धीपूर्वी कायदाही पाहावा. फ्रान्समध्ये २०१९ च्या कायद्याने न्यायाधीशांच्या नावांचा असा वापर करून त्यांच्या निर्णयांचे विश्लेषण वा भाकीत करणे दंडनीय ठरवले आहे. आणि नाव नसले तरी दुर्मीळ भाषा, छोटे न्यायालय आणि नेमकी तारीख एकत्र आली की अर्जदार ओळखू येऊ शकतो. म्हणून तारखांऐवजी वर्ष द्यावे आणि फार थोड्या प्रकरणांचे गट एकत्र करूनच तक्ते छापावेत.