२०५० च्या ऊर्जेचा आकडा कसा वाचायचा

२०५० साली जगाला किती ऊर्जा लागणार अशी बातमी दिसली की आधी बघा आकडा कुठल्या सिनॅरिओचा आहे, कारण पॅरिसची आयईए (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था) दरवर्षी रिपोर्ट काढते त्यात एकच भविष्य नसतं, आहे तीच धोरणं चालली तर वेगळं, नेट झिरो (जेवढे हरितगृह वायू सोडले तेवढेच हवेतून काढून घेणं) गाठायचं ठरवलं तर वेगळं, आणि बातमीत मात्र सरळ "मागणी एवढी वाढणार" असं येतं, हे मला खरंच खटकतं.

मग युनिट. आकडा एक्साजूलमध्ये (ऊर्जा मोजायचं मोठं एकक) असेल तर साधारण २७८ ने गुणा, टेरावॅट-अवर (विजेच्या हिशेबात वापरतात ते एकक) मिळतात.

आणि वीज म्हणजे सगळी ऊर्जा नव्हे! पेट्रोल गाडीत बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, इलेक्ट्रिकमध्ये खूपच कमी, त्यामुळे विजेची मागणी झपाट्याने वाढली तरी एकूण आकडा हळू वाढू शकतो. आणि रिपोर्टच्या तक्त्यातली भारताची ओळ वेगळी काढून वाचाच.