वेगात धावून बॉल पायात कसा घ्यावा: ब्रेक आणि फर्स्ट टचचा एकत्र सराव

फुटबॉलच्या सरावात एक दिवस स्प्रिंट, दुसऱ्या दिवशी कोनमधून (खुणेच्या शंकूंमधून) ड्रिबलिंग, अशी वाटणी केली की दोन्ही सुधारतं आणि मॅचमध्ये बॉल तरीही निसटतो. तो निसटतो वेगातून थांबत (ब्रेक लावत) बॉलला पहिला स्पर्श, म्हणजे फर्स्ट टच, करताना, आणि तेवढाच क्षण सरावात येत नाही. पुढचा ड्रिल त्यासाठी आहे. वॉर्मअपनंतर लगेच, पाय ताजे असतानाच घ्या.

सुरुवातीच्या कोनपासून 10 मीटरवर चार कोनचा 3 मीटरचा चौकोन मांडा. त्याच्यापलीकडे 8 मीटरवर पास देणारा उभा करा. सुरुवातीच्या कोनच्या डाव्या-उजव्या हाताला 5-5 मीटरवर दोन-दोन कोनचं दीड मीटर रुंद गेट ठेवा. धाव सुरू झाली की कोचने न बोलता एका गेटमध्ये जाऊन ते अडवायचं.

1. चौकोनापर्यंत पूर्ण वेगात धावा. शेवटच्या 3 मीटरमध्ये पावलं छोटी आणि जलद, गुडघे वाकलेले, कंबर खाली, वजन चवड्यांवर.
2. चौकोनात शिरतानाच खांद्यावरून मागे बघा: कोणतं गेट मोकळं आहे?
3. पास त्याच वेळी सुटायला हवा. उशिरा आला तर खेळाडू उभा राहून वाट बघतो आणि ड्रिलचा अर्थच जातो.
4. अंग आडवं उघडा. बॉलपासून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने, त्याच टचमध्ये बॉल मोकळ्या गेटकडे साधारण एक मीटर ढकला.
5. गेट पार करून तळव्याने बॉल थांबवा.

बॉल उसळून लांब गेला तर बहुतेक वेळा दोष टचचा नसतो. ब्रेक उशिरा लागलेला असतो, टेकलेल्या पायाचा गुडघा सरळ असतो आणि अंगाचा सगळा वेग बॉलला मिळतो. बॉल पायाखाली अडकला तर तो जवळच्या पायाने घेतलाय. थांबताना गुडघा आत झुकत असेल तर लगेच थांबवा, लिगामेंटवर ताण येतो. आधी बॉलशिवाय, कमी वेगात ब्रेक घोटवा.

पाच फेऱ्यांचे तीन सेट पुरेत. दोन फेऱ्यांमध्ये 30-40 सेकंद, दोन सेटच्या मध्ये 2 मिनिटं विश्रांती. ही विश्रांती कापायचा मोह कोचना फार होतो. पण दमलेले पाय आळशी टचच शिकतात. बारा वर्षांखालच्यांना धाव 6 मीटर आणि 4 नंबरचा बॉल द्या. पाचपैकी चार टच नीट पडू लागले की चौकोनात मागून एक बचावपटू सोडा, सुरुवातीला नुसता चालत.