जीन एडिटिंगचं पेटंट घरबसल्या कसं वाचायचं (हळदीवाल्यांनी तर वाचाच)

अक्षय तृतीया जवळ आली की आमच्या सांगलीकडं हळदीच्या बेण्याची शोधाशोध सुरू होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कवलापूरच्या मामांनी मला व्हॉट्सॲपवर एका चकचकीत पत्रकाचा फोटो टाकला. वर मोठ्या अक्षरात ‘जीन एडिटेड पेटंटेड हळद’ (म्हणजे डीएनएमध्ये हवा तो बदल केलेली), शेजारी डीएनएची ती पिळलेली शिडी, खाली बारा आकडी नंबर, आणि दर साध्या सेलम बेण्याच्या तिप्पट. मामांचं म्हणणं एवढंच, “अगं पेटंट आहे म्हणजे सरकारनं तपासलं असणारच की.” मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय त्यामुळं घरात असला कुठलाही कागद आला की तो फिरून माझ्याकडंच येतो. तर मामांना फोनवर दीड तास जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते, मोबाईल आणि थोडं इंग्रजी एवढ्यावर जमतं सगळं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. पेटंट म्हणजे माल चांगला असल्याचं सर्टिफिकेट नाही. पेटंट ऑफिस बघतं की कल्पना नवीन आहे का, त्या धंद्यातल्या माणसाला सहज सुचली असती का, आणि ती उपयोगी आहे का. एकरी उतारा किती निघतो, कंदकूज लागते का, हे ते बघत नाहीत. आणि नवीन आहे का हे बघतानासुद्धा चुका होतात, हे सांगलीकरांना कोणी शिकवायला नको. १९९५ साली अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं गेलं होतं, नंबर ५४०१५०४, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला. त्यातला पहिला दावा काय होता तर हळदीची पूड देऊन जखम बरी करायची पद्धत! म्हणजे पाय कापला की आजी चिमूटभर हळद दाबते ना, ती. मग सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा माशेलकर सर प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख असे ३२ पुरावे पुढं ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ह्या जुन्या पुराव्यांना पेटंटवाले ‘प्रायर आर्ट’ म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता नंबर. भारतातला बारा आकडी नंबर दिसला तर तो अर्जाचा नंबर असतो, मिळालेल्या पेटंटचा नाही. पहिले चार आकडे वर्ष, पाचवा आकडा ऑफिस, म्हणजे १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. मंजूर झालेल्या पेटंटला वेगळा, सध्या सहा आकडी नंबर मिळतो. अर्ज काय कुणीही करू शकतं, फी भरली की झालं, आणि साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, त्यामुळं ‘आमचं पेटंट पब्लिश झालंय’ असं कुणी छाती फुगवून सांगितलं तर त्याला चहा पाजा आणि पुढं वाचा. भारतीय पेटंट ऑफिसच्या साईटवर इनपास नावाचं सर्च आहे, फुकट आहे, फक्त तो वेडावाकडा कॅप्चा दोनतीनदा चुकतोच, चिडायचं नाही. तिथं नंबर टाकून अर्जाचं स्टेटस बघायचं. मामांच्या पत्रकातल्या नंबराचं स्टेटस निघालं ‘अबॅन्डन्ड, कलम २१(१)’, म्हणजे परीक्षकानं शंका काढल्या आणि अर्जदारानं मुदतीत त्यांचा निकाल लावला नाही, विषय संपला. परदेशी नंबर असेल तर गुगल पेटंट्स किंवा युरोपचं एस्पासनेट. अमेरिकन नंबराच्या शेवटी ए१ असेल तर नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, बी१ किंवा बी२ असेल तर मंजूर.

नंबर हातात नसेल, नुसता विषय माहीत असेल तर वर्गाच्या कोडनं शोधा, शब्दांनी शोधत बसलात तर ढिगानं कचरा येतो. सी१२एन १५ हा जनुकीय इंजिनिअरिंगचा वर्ग, त्यातच १५/११३ म्हणजे जनुकाचं काम कमीजास्त करणारे आरएनए (डीएनएच्याच नात्यातला रेणू) वगैरे, सी१२एन ९/२२ मध्ये कॅस९ सारखी डीएनए कापणारी एन्झाइमं येतात, आणि वनस्पतींसाठी ए०१एच. (सर्चमध्ये टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

कागद उघडला की पहिलं पान, सारांश, आकृत्या, मग पार्श्वभूमीची पंधरावीस पानं, हे सगळं सरळ ओलांडा. मी पण सुरुवातीला इमानदारीत पहिल्या पानापासून वाचायचे आणि तिसऱ्या पानावर झोप लागायची. भारताच्या कागदात शेवटी ‘वी क्लेम’ असं लिहून खाली आकडे टाकलेले परिच्छेद असतात, तेच खरं पेटंट. वर्णनात माणूस चंद्रापर्यंत जाऊन येतो, हक्क मात्र क्लेममध्ये जेवढं लिहिलंय तेवढाच, अगदी सातबाऱ्यासारखं, गप्पा कितीही मारा, क्षेत्र उताऱ्यावर असेल तेवढंच. क्लेम १ नीट वाचायचा, त्यातला एकेक तुकडा वेगळ्या ओळीत वहीत उतरवायचा. ‘क्लेम १ प्रमाणे’ अशी सुरुवात असणारे बाकीचे त्याचीच पिल्लं, ते नंतर. आणि ‘कम्प्रायझिंग’ असेल तर ‘हे आणि वर अजून काही असलं तरी चालेल’, ‘कन्सिस्टिंग ऑफ’ असेल तर ‘एवढंच, बाकी काही नाही’. दोन शब्दांत हक्काची हद्द एवढी बदलते.

आता वाचताना जो प्रश्न सारखा विचारायचा तो हा, की ही कात्री आहे का स्विच? लोक जीन एडिटिंग आणि जीनचं काम कंट्रोल करणं ह्यांची पार भेळ करतात.

मामांना मी मोटारीवरून सांगितलं. विहिरीवरची मोटर म्हणजे जीन समजा आणि स्टार्टर म्हणजे त्या जीनच्या पुढचा प्रमोटर. कॅस९ ची कात्री चालवून जीन बिघडवली म्हणजे वाइंडिंग जाळलं, मग लाईट येऊ दे नाहीतर जाऊ दे, मोटर बंदच, आणि पुढच्या पिढीतही बंद. ही कात्री एका जिवाणूची, जो आपल्या घशाला त्रास देतो, स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस, आणि तिला पत्ता सांगतात गाईड आरएनएमधली २० अक्षरं. (जिवाणूंना असलं हत्यार, ह्यालाच क्रिस्पर म्हणतात, व्हायरसशी लढायला असतं हे पहिल्यांदा प्रयोगानं सिद्ध झालं २००७ मध्ये, दही लावणाऱ्या जिवाणूत. म्हणजे आपल्या विरजणाच्या नात्यातलंच कुणीतरी.) दुसरा प्रकार असा की मोटरला हात लावायचा नाही, स्टार्टरपुढं आडदांड माणूस खाट टाकून झोपवायचा, कुणाला बटण दाबताच येऊ नये. २०१३ मध्ये हेच केलं, कॅस९ चे दोन अमिनो ॲसिड बदलून त्याची धार घालवली, तो पत्त्यावर जातो, बसतो, पण कापत नाही, आणि जीन वाचणाऱ्या एन्झाइमची वाट अडते. उठवला की मोटर पुन्हा चालू. हे क्रिस्परआय. त्याच बोथट कॅस९ ला चालू करणारं प्रोटीन जोडलं तर क्रिस्परए.

पेटंटमध्ये हे ओळखायची खूण अगदी सोपी. पानात डी१०ए आणि एच८४०ए हे दोन्ही कोड एकत्र शोधा, हेच ते दोन बदल, दोन्ही सापडले तर बहुतेक स्विचची गोष्ट आहे. नुसता एकच असेल तर अर्धी कात्री, एकच धागा कापणारी. सोबत क्रॅब हे नाव असेल तर बंद करायचा स्विच, व्हीपी६४ असेल तर चालू करायचा. कधी कात्रीनं स्विचच कापतात. सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कॅसजेव्ही औषध, ज्याला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली, त्यात आजाराचा बिघडलेला जीन दुरुस्त करतच नाहीत, बीसीएल११ए नावाच्या जीनचा रक्तपेशीतला स्विच कापतात, मग गर्भातलं हिमोग्लोबिन परत तयार व्हायला लागतं. मला विचाराल तर ह्या विषयातली ही सगळ्यात हुशार आयडिया.

सरावासाठी एक क्लेम घेऊ. अमेरिकन पेटंट ८६९७३५९, ब्रॉड इन्स्टिट्यूट ह्या तिथल्या संशोधन संस्थेचं वगैरे, एप्रिल २०१४ मध्ये मंजूर. नावातच ‘जीन प्रॉडक्टचं एक्स्प्रेशन (म्हणजे जीनचं काम किती चालतं ते) बदलायच्या पद्धती’ असं आहे, त्यामुळं वाटतं स्विचचं असेल. क्लेम १ तोडून लिहिला की कळतं. युकॅरिओटिक पेशीत, म्हणजे केंद्रक असलेली पेशी, माणूस, उंदीर, ऊस, हळद सगळे आले, जिवाणू बाहेर, गाईड आरएनए आणि कॅस९ सोडायचं, कॅस९ नं डीएनए कापायचा, त्यामुळं एक्स्प्रेशन बदललं पाहिजे, आणि हे दोघं निसर्गात एकत्र सापडत नसले पाहिजेत. ‘कापायचा’ हा शब्द पकडा. म्हणजे खाट टाकून झोपणारा बोथट कॅस९ ह्या क्लेममध्ये सापडत नाही, दुसऱ्या कुठल्या पेटंटमध्ये सापडेल तो भाग वेगळा. शेवटची अट का तर निसर्गात आहे तसल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये मायरियड ह्या कंपनीच्या केसमध्ये डीएनएबद्दल हेच सांगितलं. आणि ‘युकॅरिओटिक’ ह्या एका शब्दावर तर वर्षानुवर्षं कोर्टबाजी चाललीय. डाउडना आणि शार्पोंतिए, ज्यांना ह्याच कात्रीसाठी २०२० चं नोबेल मिळालं, त्यांच्या बाजूचा पहिला अर्ज मे २०१२ चा, ब्रॉडचा डिसेंबर २०१२ चा, पण ब्रॉडनं जलद तपासणीची फी भरली आणि पेटंट आधी हातात घेतलं. म्हणून तारीख बघताना मंजुरीची नाही तर ‘प्रायॉरिटी डेट’, म्हणजे पहिल्या अर्जाची तारीख, बघा, प्रायर आर्ट त्याच्या आधीचं लागतं.

भारतात मात्र एक मोठा बांध आहे, पेटंट कायद्याचं कलम ३(जे). झाडं, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं, वाण ह्यांवर पेटंट मिळत नाही, सूक्ष्मजीव सोडून. पद्धतीवर किंवा प्रयोगशाळेत बनवलेल्या रचनेवर मिळू शकतं, पण ‘ह्या गड्ड्यावर भारतात पेटंट आहे’ म्हणणारा एकतर अडाणी नाहीतर चालू. वाणाचं संरक्षण २००१ च्या वेगळ्या कायद्यानं होतं, आणि त्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचा हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

परवानगी हा अजून तिसराच कागद. मार्च २०२२ मध्ये केंद्रानं ज्या एडिट केलेल्या पिकात बाहेरचा जीन राहत नाही अशांना जीएमच्या, म्हणजे बाहेरचा जीन घातलेल्या पिकांच्या, लांबलचक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये दोन भाताच्या जाती जाहीर झाल्या, त्यातली ‘कमला’ सांबा मसुरीपासून केलेली, दाण्यांची संख्या दाबून ठेवणारा जीन एडिट करून. जाहीर झालं ते भाताचं. हळदीचं काम तसंही अवघड, ती ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, बी जवळपास धरतच नाही, सगळं गड्ड्यावरच, त्यामुळं संकर करून पाहिजे ते गुण आणायचा रस्ता जवळपास बंद. आपल्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राची फुले स्वरूपा पण निवड पद्धतीनंच आलेली आहे.

शेवटची तपासणी मला सगळ्यात आवडते. पेटंटमध्ये ‘सीक आयडी नंबर’ असं लिहून डीएनएची अक्षरं दिलेली असतात. ती कॉपी करा, एनसीबीआय ह्या अमेरिकन सरकारी संस्थेच्या साईटवर ब्लास्ट नावाचं फुकट टूल आहे तिथं चिकटवा, मिनिटभर थांबा, कुठल्या सजीवाशी जुळतं ती यादी येते. मामांच्या पत्रकातल्या अर्जाची अक्षरं मी चिकटवली. वरपासून खालपर्यंत भात.

मामांनी त्या माणसाला फोन करून विचारलं, “साहेब, आम्हाला हळद लावायची होती, हा तर तांदूळ निघाला की वो.” तो म्हणाला टेक्निकल टीमशी बोलून कळवतो. मामांनी शेजारच्या आण्णांकडनं सेलमचं बेणं घेतलं, बेणेप्रक्रिया करून लावलं, आणि ते पत्रक आता सोप्यात पंख्याच्या बटणामागं खोचून ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवायला.