मुलाला लसीला नेताना काय सांगायचं, काय निवडू द्यायचं

पाच-सहा वर्षांच्या मुलाला डीपीटीच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीच्या) दुसऱ्या बूस्टरला न्यायचं म्हणजे रडारड ठरलेलीच, असं आपण धरून चालतो. सुईचं दुखणं पूर्णपणे टाळता येत नाही. ती कधी येणार, कधी संपणार हे मुलाला ठाऊक असलं आणि थोडं काही त्याच्या हातात असलं, तर ताण मात्र बराच उतरतो.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी १९७० च्या सुमारास उंदरांना सारखेच विजेचे झटके दिले. ज्यांना आधी इशारा मिळायचा, त्यांच्या पोटात व्रण कमी झाले. इशारा होत नाही तोवर त्यांना निर्धास्त राहता येत होतं.

म्हणून ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी आधी बंद करा. तिच्यामुळे सुई कधीही येऊ शकते असं होतं आणि मुलाला निर्धास्त अशी वेळच उरत नाही. बागेत जाऊ म्हणून दवाखान्यात नेणंही तसंच.

या वयाला त्याच दिवशी सकाळी सांगितलं तरी पुरतं. “आधी गार कापूस लागेल. मग टोचेल, थोडं दुखेल. सुई बाहेर आली की मी ‘झालं’ म्हणेन. मग अर्धा तास तिथेच बसू आणि घरी.” ‘दुखणार नाही’ म्हणू नका. ‘झालं’ हा शब्द सुई खरोखर निघाल्यावरच उच्चारायचा. धीर द्यायला आधीच ‘झालं झालं’ म्हटलंत, तर त्याचा उपयोग संपला. दोन सुया असतील तर दोन सांगा.

निवड खरी असेल तरच द्या. मांडीवर की खुर्चीत, बघायचं की तोंड फिरवायचं, कोणाचा हात धरायचा. दंड कोणता, हे सिस्टरना आधी विचारून घ्या. डावाच ठरलेला असेल तर तो प्रश्न मुलाला विचारू नका.

‘टोचून घ्यायचं का?’ हे विचारणं सगळ्यात घातक, कारण ‘नाही’ हे उत्तर तुम्ही मानणार नसता. ‘तू सांगशील तेव्हाच’ हेही नको. मूल वेळ लांबवतं, भीती चढते आणि शेवटी धरून टोचावं लागतं. दिलेला ताबा असा हिसकावला की पुढच्या खेपेला तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

१० आणि १६ व्या वर्षीच्या टीडीला (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीला), किती दिवस आधी कळलेलं बरं, हे मुलालाच विचारा.