सोलापूरहून आरे-वारेला गाड्यांचा ताफा नेताना

क्लबच्या आठ-दहा गाड्या घेऊन कोकणात निघायचं, तर थांबे घरीच ठरवा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा रस्ता सोपा, तिथे फार डोकं लावायला नको. पहाटे लवकर निघा, म्हणजे आंबा घाट उजेडात उतरता येतो. आपण सपाटीवरची माणसं. उतारावर पाय सारखा ब्रेकवर जातो आणि साखरप्याला पोहोचेपर्यंत चाकांपाशी जळका वास सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. तरी वास आलाच तर मोकळी जागा बघून थांबा, ब्रेक आपसूक निवू द्या. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र अजिबात ओतू नका.

रत्नागिरी ते गणपतीपुळे हा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे या सहलीचा जीव. आरे-वारेच्या टेकडीवरून खाली समुद्र दिसला की प्रत्येकाला तिथेच थांबावंसं वाटतं. वळणावर गाडी लावू नका. पुढे खाली जागा बघून लावा आणि चालत वर या. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा इथेच सोडावा, घरची भाकरी इतकी गोड कधी लागत नाही. वाळूत गाडी घालायचा मोह आवरा. वरून घट्ट दिसते, पण चाक रुततं आणि तोवर भरती चढत असते.

सोलापूरला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.