रडायचा सीन आहे? मग आधी क्लोजअप उरकून घ्या

बरेच नवे डायरेक्टर रडायच्या सीनला पण नेहमीच्याच क्रमाने जातात, आधी मास्टर (अख्ख्या सीनचा लांबून घेतलेला शॉट), मग समोरच्याचं सजेशन (खांद्यावरून घेतलेला शॉट), आणि जिचं रडणं दाखवायचंय तिच्या क्लोजअपला येईपर्यंत ती बिचारी चार वेळा रडून मोकळी झालेली असते. डीओपी, म्हणजे कॅमेरा सांभाळणारा छायाचित्रकार, लाईटवरून कुरकुर करेल, करू दे, त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की उद्या क्लोजअप पहिला. रिहर्सल कोरडी घ्या, फक्त मार्क (कुठे उभं राहायचं) आणि हालचाली. सेटवर कमीत कमी माणसं, मोबाईल बंद, चहा नंतर.

आता मेन गोष्ट. ॲक्टरला "रड" असं सांगूच नका. खऱ्या आयुष्यात माणूस रडू दाबायला बघतो, म्हणून त्याला दाबायचंच काम द्या, म्हणजे वाक्य पूर्ण करायचंय, हातातला डबा नीट बंद करायचाय, समोरच्याला कळू द्यायचं नाहीये. श्वास अर्धवट आत घेऊन तिथेच अडकवायला सांगा, आवाज आपोआप फाटतो. आणि प्लीज, "तुझे बाबा गेले तो दिवस आठव" वगैरे करू नका. रशियन नाट्यदिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्कीने भावस्मृतीचा, म्हणजे स्वतःचा जुना अनुभव आठवून भावना आणण्याचा, वापर शिकवला हे खरं, पण पुढे त्याचाच भर शारीरिक कृतीवर गेला, आणि दहा टेकला दहा वेळा तीच जखम उकरून पाचव्या टेकनंतर काही उरत नाही.

तरी पाणी येत नाही? येत नाही काहींना, त्यात लाज कसली. नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी (मनातली भावना शरीरावर दिसते ते भाव) एक आहे आणि त्याची कारणं देताना शोक, आनंद, भय यांच्याबरोबर धूर, अंजन, जांभई आणि पापणी न लववता बघत राहणं पण दिलंय, म्हणजे ही भानगड जुनीच आहे :) ॲक्शनच्या आधी एक मोठी जांभई आणि थोडा वेळ टक लावून बघणं, एवढ्यानेही डोळे ओले होतात बऱ्याच जणांचे.

आपल्याकडे सिरीयलमध्ये ग्लिसरीन सर्रास चालतं, पण ते डोळ्यात झोंबतं, डोळे लाल होतात, आणि रोजचं रडणं असेल तर हाल. त्यापेक्षा मेन्थॉलची टिअर स्टिक (डोळ्याखाली लावायची, लिपस्टिकसारखी कांडी) बरी. डोळ्यात नाही हं, खालच्या पापणीपासून जरा खाली, हाडावर एक पातळ रेघ, थोड्या वेळात वाफेने पाणी येतं. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायला लावा आणि नंतर त्याच बोटाने डोळा चोळू देऊ नका. फक्त घरंगळणारा थेंब हवा असेल तर टेकच्या अगदी आधी आर्टिफिशियल टिअर्सचे ड्रॉप्स, साधे, औषधवाले नाही.

एक गोष्ट सगळे विसरतात, नाक. डोळ्यातलं पाणी नाकात उतरतं, म्हणून खरं रडणारा माणूस नाक ओढतो, आणि गाल ओले पण नाक ठणठणीत असं दिसलं की प्रेक्षकाला लगेच कळतं. मेकअपदादाला नाकाच्या शेंड्यावर किंचित लाली द्यायला सांगा. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळावं म्हणून, प्रत्येक टेकनंतर चेहऱ्याचा फोटो काढा, थेंब कुठल्या गालावर होता, काजळ कुठपर्यंत आलं होतं, नाहीतर एडिटर तुमच्या नावाने शिव्या घालणार.

लहान मुलांच्या बाबतीत घाबरवून किंवा खोटं सांगून रडवणं बंद करा यार, पोरगं सेटवर परत यायला तयार होत नाही. पाठमोरा शॉट घ्या, खांदे हलू देत, हुंदके डबिंगला टाका.

डायलॉग संपला की लगेच कट म्हणू नका, कॅमेरा थोडा चालू ठेवा, सगळ्यात चांगला भाग बऱ्याचदा तिथेच मिळतो. कट झाल्यावर पाणी द्या, थोडं एकटं सोडा. आणि त्याच दिवशी हळदीचा सीन लावला असेल तर तो सकाळीच करून टाका, डोळे सुजल्यावर मेकअपदादा पण हात टेकतो.