सी-१ नोटीस आली? खोली सोडण्याआधी क्षेत्रफळ कागदावर घ्या

मुंबई महापालिकेची ३५४ची, म्हणजे इमारत धोकादायक असल्याची नोटीस हातात पडली की बिल्डिंगीत दोन तट पडतात. एक म्हणतो, मालकाचा डाव आहे, हलायचं नाही. दुसरा रातोरात सामान बांधतो. आमच्या चाळीपासून सुरुवात करून आजवर सात पागडीच्या इमारतींसोबत मी वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. दोन्ही तटांचं नुकसान होताना पाहिलंय.

आधी नोटिशीतला वर्ग बघा. सी-१ म्हणजे इमारत ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडणं, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना मोठी दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. शहर भागातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे चौकशी करा, तिथली वाट वेगळी आहे. सी-२बी असेल आणि मालक हात वर करत असेल, तर पालिका कायद्याच्या कलम ४९९खाली भाडेकरूंना स्वतः काम करून खर्च मालकाकडून वसूल करता येतो.

मग स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची पूर्ण प्रत मागा, नुसतं शेवटचं पान नको. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, हाफ-सेल, कार्बोनेशन, कोअर या काँक्रीट आणि सळ्यांच्या चाचण्यांचे आकडे त्यात असले पाहिजेत. खांबांचे चार फोटो आणि 'इमारत जीर्ण आहे' एवढंच लिहिलेला अहवाल पुरेसा मानू नका. शंका असेल तर भाडेकरूंनी पालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडून आपलं ऑडिट करून घ्यावं. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे, म्हणजे 'टॅक'कडे जातं. ऑडिटच्या आधी भेगा प्लास्टरने बुजवू नका. हे मला दर वेळी ओरडून सांगावं लागतं.

'टॅक'नेही सी-१ म्हटलं, तर वाद तिथेच थांबवा आणि खोली सोडायच्या तयारीला लागा. 'स्टे आणा, पावसाळा काढू' असा सल्ला देणाऱ्याला दारात उभं करू नका. २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडला कोसळलेली इमारत तर खुद्द पालिकेची होती. ६१ माणसं गेली.

आता क्षेत्रफळ

आम्ही नेमके इथे फसलो. जूनच्या पावसात स्लॅबचा पोपडा एका पाळण्याशेजारी पडला आणि तीन दिवसांत अख्खी चाळ रिकामी झाली. खोल्या कुणीच मोजल्या नाहीत. चाळ पाडल्यावर मालकाने दिलेल्या यादीत माझी खोली ४० चौरस फुटांनी लहान होती. दहा फूट लांब, चार फूट रुंद बंदिस्त गॅलरी त्यात धरलीच नव्हती. माझी आई तीस वर्षं त्याच गॅलरीत स्वयंपाक करत होती. ती होती हे दाखवायला भिंतसुद्धा उरली नव्हती. तो वाद मिटायला चार वर्षं गेली.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, इमारत पाडण्याआधी पालिकेने भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, नोंदवायचं असतं. पण अधिकारी आपणहून येतील म्हणून वाट बघत बसू नका. वॉर्डातल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या (डेझिग्नेटेड ऑफिसर) नावे सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत ठेवा आणि मोजणीची तारीख लेखी मागा.

मोजणीच्या दिवशी घरात हजर राहा. टेपचं एक टोक स्वतः धरा. कपाट पुढे ओढा, नाहीतर माप कपाटापासून घेतलं जातं आणि दीड फूट तिथेच जातो. गॅलरी, मोरी, पोटमाळा हे स्वतंत्र ओळीत लिहून घ्या. त्यातलं काय धरायचं हे नंतर ठरेल, पण नोंद आजच हवी. प्रत्येक भिंतीला टेप लावलेला फोटो काढा. मालकाचा माणूस सही करायला तयार नसेल, तर 'सही नाकारली' असं पंचनाम्यात लिहायला लावा. कोरी जागा सोडलेल्या कागदावर सही करू नका, अधिकारी कितीही घाईत असले तरी.

सोबत जुन्या भाडेपावत्या, वीजबिल आणि मालमत्ता कराच्या नोंदीचा निरीक्षण उतारा जोडा. उताऱ्यात खोली कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, म्हणून त्याचा अर्ज नोटीस आली त्याच दिवशी करा. वडिलांच्या नावाची पावती असली तरी चालते, पण वारसांची नावं यादीत घालून घ्या.

इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क बुडत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्येच हे स्पष्ट केलं आहे. म्हणून 'खोली सोडली की सगळं गेलं' या भीतीपोटी टेकू लावलेल्या छताखाली लेकरं झोपवू नका. हक्क शाबूत राहतो, तो किती फुटांचा हे मात्र तुमच्या कागदाने ठरतं.

कागद हातात आला की सामान हलवा, मीटर बंद झाल्याची पावती घ्या आणि किल्ली दिल्याची पोच लेखी घ्या. पंचनाम्याची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. आमच्या शेजाऱ्यांची एकुलती प्रत संक्रमण शिबिरात पावसाने भिजली होती.